हयातीचा दाखला

दिवाळी आटोपली आणि करंज्यांच्या डब्याला तळ दिसू लागला, की आम्हा निवृत्त मंडळींना आणखी एक सण साजरा करावा लागतो. त्याला पंचांगात तिथी नाही; पण नोव्हेंबर महिना ठरलेला आहे. या महिन्यात स्वच्छ कपडे घालून बँकेत जायचे आणि आपण अजून जिवंत आहोत असे सरकारला सांगून यायचे. घरच्या माणसांना या गोष्टीचा पुरावा रोज मिळत असतो. सकाळचा चहा उशिरा आला म्हणून मी जी कुरकुर करतो, ती काही मेलेला माणूस करणार नाही. पण सरकारला कुरकुर चालत नाही. त्याला दाखला लागतो. हयातीचा दाखला.

गेल्या नोव्हेंबरात मी असाच रांगेत उभा होतो. आता या कामाला यंत्रही आले आहे. २०१४ साली केंद्र सरकारने बोटाचा ठसा घेऊन असा दाखला देण्याची सोय केली आणि ती हळूहळू सगळीकडे पोहोचली. डबीएवढ्या त्या यंत्रावर अंगठा टेकवायचा; ठसा जुळला की तुम्ही जिवंत. माझा जुळेना. एकदा टेकवला, दोनदा टेकवला, धोतराच्या सोग्याला पुसून तिसऱ्यांदा टेकवला. यंत्राने तिन्ही वेळा मान हलवली. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "आजोबा, तुम्ही गेलात वाटतं!" आणि सगळे हसले. विनोद वाईट नव्हता. दुसऱ्यावर झाला असता तर मीही हसलो असतो. पण माझे कान तापले आणि हात आपोआप मागे गेला.

काचेपलीकडे एक मुलगी बसली होती, माझ्या नातीच्या वयाची. ती हसली नाही. तिने काय केले ते पुढे सांगेन. आधी जे आठवले ते सांगतो. कारण त्या क्षणी मला बँक दिसेनाशी झाली आणि साखऱ्याचा माळ दिसू लागला. बावन्न वर्षे मी ज्या आठवणीला बाजूने वळसा घालून जात होतो, ती त्या डबीएवढ्या यंत्राने वाटेत आणून उभी केली.

पण त्याही आधी एका शब्दाबद्दल सांगितले पाहिजे.

'हयात' हा शब्द अरबी आहे. त्याचा अर्थ जीवन. मराठीत तो इतका मुरला आहे, की आजोबा हयात असताना, उभी हयात गेली, हयातीचा दाखला असे आपण म्हणतो तेव्हा तो परका आहे हे मनातही येत नाही. या शब्दाला एक धाकटी बहीण आहे: 'हया'. हीही अरबीच. फार्सीत आणि उर्दूत ती 'शर्म'च्या जोडीने वावरते. 'शर्म-ओ-हया' ही जोडी आपल्या 'लाजलज्जे'सारखी. पुण्यामुंबईच्या मराठीत तिचा वावर कमी; फार तर 'बेहया' म्हणून ती शिवीपुरती भेटते. आमच्या मराठवाड्यात मात्र ती घरात होती, चुलीपाशी होती.

याचे कारण इतिहासात आहे. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शाळांची भाषा उर्दू. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले तेच उर्दूतून शिक्षण देण्यासाठी. माझे वडील हिंगोलीला उर्दूत शिकले आणि घरी येऊन मराठीत विसरले. पण आजी तर कोणतीच शाळा शिकली नव्हती. तिच्या तोंडी हा शब्द कचेरीतून आला नसावा. तो शेजारच्या घरातून, सामाईक भिंतीवरून, विस्तव आणि विरजण यांच्या देवघेवीबरोबर आला असावा.

आजीने तीन शब्द तीन कामांना लावून दिले होते. लाज नव्या नवरीची. ती गालावर दिसते. शरम चुकलेल्या माणसाची. तिने मान खाली जाते. आणि हया डोळ्यात असते. ती असली तर कोणाला दिसत नाही आणि नसली तर साऱ्या गावाला दिसते. हे तिने कधी व्याख्या करून सांगितले नाही. ती ते करून दाखवी. अडल्या घरची बाई उसनी ज्वारी मागायला आली, की आजी कणगीचे तोंड उघडून देई, पायली तिच्याच हातात देई आणि आपण गोठ्याकडे तोंड करून गाईशी बोलत उभी राही. त्या बाईने माप सपाट भरले की शीग लावून भरले हे आजीने जन्मात पाहिले नाही. मी लहानपणी विचारले, "आजे, तिनं जास्त नेली तर?" ती म्हणाली, "नेली तर तिला गरज असंल. मागणाराच्या हाताकडं बघू नाय. डोळ्याला हया पाहिजे."

अरबी भाषेच्या जुन्या जाणकारांनी 'हया' आणि 'हयात' एकाच धातूतून निघाल्या असे मानले आहे. ज्या मनात जीव आहे त्यालाच दुसऱ्याची कळ लागते. जितका जीव तितकी हया, असा त्यांचा भाव. त्याच धातूचा आणखी एक शब्द अरबीत आहे, तो उच्चारायला जवळजवळ 'हया'च, आणि त्याचा अर्थ पाऊस. वाळवंटातल्या भाषेने जीवन, पाऊस आणि दुसऱ्याची भीड एकाच गोत्रात घालावी याचे मला नवल वाटत नाही. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कोणालाही ते वाटणार नाही.

आपली मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे, आणि ती श्रीमंती तिने चारी दिशांनी गोळा केली आहे. लाज संस्कृतातून आली. शरम फार्सीतून आली. 'भीडमुर्वत' म्हणताना आपण भिडेच्या शेजारी अरबी 'मुरुव्वत' बसवतो, जिचा मूळ अर्थ माणूसपण. 'मुलाहिजा' अरबी. 'अब्रू' फार्सी, त्यात 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा, चेहऱ्यावरचे पाणी ती अब्रू. माधव ज्यूलियन यांनी, म्हणजे माधवराव पटवर्धनांनी, १९२५ साली 'फार्सी-मराठी कोश' सिद्ध केला, तेव्हा असे किती पाहुणे आपल्या घरात कायमचे राहिले आहेत हे त्यांनी दाखवून दिले. पुढे हेच पटवर्धन भाषाशुद्धीचे कैवारी झाले आणि पाहुण्यांनी जावे असे म्हणू लागले, हा एक गमतीचा भाग. पाहुणे काही गेले नाहीत. ज्याने माजघरात बसून भाकरी खाल्ली, तो पाहुणा कसला?

शब्दांचे जे, तेच झाडांचे. लाजाळूचे झाड आपण मुलांना कौतुकाने दाखवतो. पानाला बोट लावले की ते मिटते. आणि ओढ्याकाठी, कालव्याकाठी गुलाबी-जांभळ्या फुलांचे जे बेशरम माजते, त्याला जनावरही तोंड लावत नाही. तोडा, जाळा, उपटून फेका. पडल्या जागी ते पुन्हा फुटते. ही दोन्ही झाडे मूळची अमेरिकेतली. लाज आणि बेशरमी दोन्ही आपण समुद्रापलीकडून आणली की काय, असे कोणी थट्टेने म्हणू शकेल. पण लाजाळू मिटते ते स्वतःला जपण्यासाठी. दुसऱ्याला जपण्यासाठी मिटणारे झाड मी पाहिलेले नाही. ते काम माणसाच्या पापणीकडे आहे.

आता साखऱ्याची गोष्ट.

साखरा आज हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात आहे. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. मी सांगतो त्या काळी आम्ही परभणीचे. साल १९७२. त्याआधीचे वर्ष बेताचे गेले होते. त्या वर्षी पावसाने पुरती पाठ फिरवली. विहिरी आटल्या, कणग्या झाडून झाल्या. सरकारने दुष्काळी कामे काढली: पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर राबणाऱ्यांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. त्या अनुभवातून पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. हे सगळे नंतरचे. तेव्हा आम्हाला एवढेच ठाऊक होते, की परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी घशाखाली उतरत नाही आणि ती उतरवायची असेल तर माळावर जाऊन दगड फोडावा लागतो.

मी वीस वर्षांचा होतो. मॅट्रिक झालेलो असल्यामुळे मला दगड फोडावा लागला नाही. मला मस्टर मिळाले. हजेरीचा तो लांबरुंद कागद, शाईचा पॅड, खिशाला पेन आणि डोक्याला टोपी. ज्या माणसांच्या मांडीवर मी वाढलो, त्यांची नावे माझ्या काखेत आली. याची जी चढायची ती चढली.

आमच्या भिंतीला भिंत लागून मुन्शीजींचे घर होते. निजामाच्या काळात गावाचे सारे कागद ते लिहीत. अर्ज, कैफियती, तहसिलीची नोटीस वाचून दाखवणे, हे सगळे त्यांच्याकडे. अठ्ठेचाळीसनंतर कचेरीची भाषा बदलली आणि मुन्शीजींची लेखणी एका रात्रीत म्हातारी झाली. मुलगा कामाच्या शोधात हैदराबादला गेला तो तिकडचाच झाला. मुन्शीजी वारले आणि मागे राहिल्या त्या चाची. माझी आजी त्यांची आक्का. त्या चाचींनी मला लहानपणी मांडीवर घेऊन खजूर भरवला होता. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

एके दिवशी मुकादमाने टोळीत नवी नावे दिली आणि मी ती मस्टरवर चढवली. रोजची हजेरी मुकादम टोळीनिशी देई. नावे पुकारायची वेळ आठवड्याच्या पगारालाच येई. त्या शनिवारी मी खोक्यावर बसून नावे पुकारत होतो. एका नावाला कोणी पुढे आले नाही. मी पुन्हा पुकारले, आणखी मोठ्याने. शेवटी उठून उभा राहिलो आणि पूर्ण नाव घेऊन, वर "मुन्शीची बायको!" असे जोडून ओरडलो. चार पोरे हसली. तेव्हा बायकांच्या रांगेच्या अगदी शेवटून, पदर कपाळाखाली ओढून घेतलेल्या चाची उठल्या. बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

त्या पुढे आल्या. मी मस्टर आणि पॅड पुढे सरकवला. त्या अगदी हळू म्हणाल्या, "बेटा, सही करू?"

त्यांना लिहिता येत होते. मुन्शीजींनी शिकवले होते. सगळ्या रांगेत लिहिता येणारी ती एकटी बाई होती. पण त्यांची सही उजवीकडून डावीकडे जाणारी होती.

मी म्हणालो, "इथं उर्दू चालत नाही. अंगठा लाव."

हा नियम मला कोणी सांगितला नव्हता. तो मी त्या क्षणी, त्या खोक्यावर बसून केला. आणि 'लाव' म्हणालो, 'लावा' नाही.

त्यांनी चिंधी सोडून अंगठा पुढे केला. खडीने कातडी झिजली होती, ठसा उमटेना. मी त्यांचे मनगट धरले, अंगठा पॅडवर दाबला, मस्टरवर दाबला. नुसता काळा डाग पडला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा काहीतरी उमटले. मी पैसे मोजून दिले. त्यांनी ते न मोजता पदराच्या गाठीला बांधले आणि गेल्या.

मी घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. चाचींकडून नाही, त्यांनी ती कधीच कोणाला सांगितली नाही. हसलेल्या पोरांनीच ती आणली. आजीने ताट वाढले, पाणी ठेवले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बोंबलून नाव घेतलंस म्हणं तिचं?" मी म्हणालो, "कामच आहे ते माझं." तेव्हा तिने एकच गोष्ट सांगितली. मुन्शीजी कोणाचा अर्ज लिहायला बसत, तेव्हा त्या माणसाला उभा ठेवत नसत. शेजारी बसवून घेत. आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवत ते त्याच्या कानाशी तोंड नेऊन. कारण चावडीवर दहा माणसे असत आणि अर्जात कर्ज असे, भांडण असे, घरातली अडचण असे. "तुझ्या बापाच्या शेताचा अर्ज असाच लिवला त्यानं. आम्हाला काय कमी होतं ते गावाला कळलं नाय. त्याच्या डोळ्याला हया होती. तुझ्या डोळ्याला काय हाय रे?"

मला उत्तर सुचले नाही. ती तांबडी भाकरी त्या रात्री जास्तच कोरडी लागली.

पुढच्या शनिवारी मी खोक्यावर बसलो नाही. झाडाखाली बाजूला बसलो. कोणाचेच नाव पुकारले नाही. मुकादमाला म्हटले, एकेकाला पाठव. चाची आल्या तेव्हा मी पॅड बाजूला सरकवला आणि खिशाचे पेन काढून पुढे धरले. त्यांनी पेनाकडे पाहिले, मग मस्टरकडे पाहिले. त्या पानावर बायकांच्या नावांपुढे वरपासून खालपर्यंत अंगठेच अंगठे होते. त्या म्हणाल्या, "रहने दे, बेटा. सब का अंगूठा है, मेरा भी अंगूठा." आणि स्वतःच पॅड ओढून त्यांनी अंगठा उमटवला.

पुष्कळ वर्षे मला वाटत होते, की त्यांनी मला शिक्षा केली. आता तसे वाटत नाही. रांगेतल्या बाकीच्या बायकांसमोर आपण लेखणी धरली, तर त्यांचे अंगठे उघडे पडतील, एवढेच त्यांच्या मनात असावे. ज्या दिवशी मी त्यांना खाली ओढले, त्या दिवशी त्या बोलल्या नाहीत. आणि ज्या दिवशी मी त्यांना वर चढवू पाहिले, त्या दिवशी त्या चढल्या नाहीत. आजी ज्याला हया म्हणे, ती मी त्या एका डागात पाहिली.

मी त्यांची क्षमा मागितली नाही. दरवेळी उद्यावर टाकली. मग नोकरी लागली, गाव सुटले, आणि एका पत्रात वडिलांनी चाची गेल्याचे कळवले. क्षमा मागू दिली नाही ती हयेने नव्हे. ती नुसती लाज होती. लाज आणि हया यांत हाच फरक आहे. लाज म्हणते, लोक मला काय म्हणतील? हया म्हणते, समोरच्याला काय वाटेल?

या शब्दाची एक काळी बाजूही सांगायला हवी. हया हे बाईचेच भूषण, असे ठरवून तिच्या वाटेवर, हसण्यावर, शिकण्यावर या शब्दाचा चाबूक ओढला गेला. आमच्या 'लाजे'चाही असाच. पण ज्या परंपरेतून हा शब्द आला, तिथे तो पुरुषांना सुटलेला नाही. पैगंबरांच्या वचनांत हया ही श्रद्धेची शाखा मानली आहे, आणि तिसरे खलिफा उस्मान हे तर त्यांच्या हयेसाठीच ओळखले जातात. आणि आमच्याकडे पाहावे, तर गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून वारकरी ज्या नरसीला मानतात, ती आमच्याच जिल्ह्यात. आणि त्या नामदेवांच्या घरची ही दासी. तिचा एक अभंग प्रसिद्ध आहे. ढळलेल्या पदराची तमा न बाळगता भर गर्दीतून विठ्ठलाचे नाव घेत निघण्याचे त्यात आहे. तिने लाज फेकली, हया नाही. लोकांच्या डोळ्यांची भीती टाकून देता येते, टाकावीही. आपल्या डोळ्यातले पाणी टाकायचे नसते.

वडील थकले तेव्हा एकदा मी त्यांना म्हटले, 'हया' उर्दूत लिहून दाखवा. त्यांनी पाटीवर उजवीकडून तीन अक्षरे काढली: हे, ये, अलिफ. मग थोडे थांबून, डाव्या बाजूला आणखी एक जोडले: ते. "आता वाच," म्हणाले. मला वाचता येईना. ते म्हणाले, "हयात. मराठीत लिहून बघ, तिथंही एकाच अक्षराचा फरक आहे." मी लिहून पाहिले. खरेच होते.

आता त्या मुलीबद्दल. माझा अंगठा तिसऱ्यांदा फसला, मागचे हसले, तेव्हा ती उठली. काचेला वळसा घालून बाहेर आली, रांगेकडे पाठ करून माझ्यासमोर उभी राहिली, इतकी जवळ, की मागच्यांना मी दिसेनासा झालो. यंत्र तिने टेबलावर उलटे ठेवले. आणि अगदी हळू, मला एकट्यालाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "आजोबा, याला राहू द्या. हे पुष्कळांचं घेत नाही. यादीवर सही केली तरी चालतं."

तिने यादी पुढे केली, पेन हातात दिले आणि खिडकीबाहेर पाहू लागली. माझा हात थरथरत होता, ते तिने पाहिले नाही.

मी विचारले, "बाळ, सही कोणत्या लिपीत करायची?"

ती म्हणाली, "तुमची नेहमीची असेल ती करा ना, आजोबा. कोणतीही चालते."